सर्व्हरवरील जागेचे नियोजन : रुग्णालयीन सॉफ्टवेअरच्या अपग्रेडपूर्वीचा एक अभ्यास

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर दरवर्षी या अहवालातून आम्ही शस्त्रक्रिया, डायलिसिस, बाह्यरुग्ण विभाग आणि गरजू रुग्णांना दिलेल्या सवलती यांचा लेखाजोखा मांडत असतो. संगणक विभागाच्या वाट्याला बहुधा चार ओळी येतात. या वर्षी मात्र विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न विचारला गेला : "मागे घेतलेला सर्व्हर अजून उत्तम चालतो आहे, मग सॉफ्टवेअरच्या अपग्रेडबरोबर डिस्कसाठी एवढी रक्कम कशाला?" प्रश्न रास्त होता. बैठकीत आम्ही दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. ते सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम काही वर्षांपूर्वीचा आमचाच एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. गणेशोत्सवाच्या आधीच्या एका शनिवारी रात्री आम्ही देयके, औषध भांडार आणि आंतररुग्ण नोंदणी यांचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेण्यास घेतले. पुरवठादाराच्या पत्रकात 'किमान ६० गिगाबाइट मोकळी जागा' असे नमूद होते आणि आमच्याकडे त्याहून थोडी अधिकच होती. रात्री दहाला काम सुरू झाले. पहाटे साडेतीनच्या सुमारास डिस्क भरली आणि काम अर्ध्यावर थांबले. अर्धवट बदललेला डेटाबेस तसाच वापरता येत नाही. केलेले बदल एकेक करून उलटे फिरवावे लागतात आणि त्यासही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. तेवढ्यात, जागा करण्याच्या भरात, आमच्याच विभागातील एका सहकाऱ्याने 'जुने' या नावाचा एक संचय पुसून टाकला. त्यात दोन वर्षांच्या केसपेपरच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या.

रविवारी सकाळी घरी जाऊ पाहणाऱ्या रुग्णांची रांग रोख खिडकीसमोर लागली. देयके हाताने लिहिण्याची सवय मोडली होती आणि जुनी पावतीपुस्तके शोधण्यातच तासभर गेला. त्या रांगेत विक्रोळीहून आलेले एक कुटुंब होते. त्यांच्या तान्ह्या बाळाचे उपचार सवलतीच्या योजनेखाली मंजूर झालेले होते, परंतु त्या मंजुरीची नोंद संगणकात होती आणि संगणक बंद होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे संपूर्ण रक्कम भरण्यास सांगितले. बाळाच्या आजीने हातातील बांगड्या काढून पुढे केल्या. समाजसेवा अधिकारी वेळेवर खाली आल्या, म्हणून पुढचा प्रसंग टळला. पुसलेले केसपेपर कागदी रूपात अभिलेख खोलीत होते, ते पुन्हा स्कॅन करण्यास कित्येक महिने लागले. दोष पुरवठादाराचा म्हणावा तर पत्रकातील 'किमान' हा शब्द आम्हीच नीट वाचला नव्हता.

'किमान' म्हणजे काय? बहुतेक वेळा तो आकडा रिकाम्या घराचा असतो. सॉफ्टवेअर बसवण्यास, ते सुरू होण्यास आणि चार चाचणी नोंदी करण्यास पुरेल एवढी ती जागा. घर बदलताना नव्या घराचे क्षेत्रफळ मोजून भागत नाही. सामान दोन्ही घरांत पसरलेले असते ते चार दिवस निभावून न्यावे लागतात. अपग्रेडच्या रात्री नेमके हेच घडते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, रुग्णालयाचा डेटाबेस ४० गिगाबाइटचा आहे. मूळ ४० जागेवरच राहणार. काम सुरू करण्यापूर्वी त्याची पूर्ण प्रत घ्यावयाची, ते आणखी ४०. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींना हात लावण्याआधी रंगीत तालीम करावी लागते, त्यासाठी चाचणीची वेगळी प्रत हवी, म्हणजे पुन्हा ४०. मोठ्या तक्त्यांत नवे रकाने घालताना प्रत्येक बदलाची नोंद 'लॉग' नावाच्या फायलीत होत असते. काम बिघडले तर याच लॉगच्या आधारे मागे येता येते, त्यामुळे तो मध्येच पुसता येत नाही. सगळे मोठे तक्ते एकाच दमात बदलले जाणार असतील तर लॉगसाठीही डेटाबेसएवढी, म्हणजे ४० गिगाबाइट जागा धरलेली बरी. नव्या रकान्यांमुळे आणि नव्या अनुक्रमणिकांमुळे डेटाबेस पाव हिश्शाने वाढेल असे मानले तर १०, आणि तात्पुरत्या कामासाठी आणखी १०. बेरीज १८० होते. मूळ ४० च्या साडेचारपट! यातील बरीचशी जागा आठवड्याभरात मोकळी होते हे खरे, पण त्या एका रात्री ती नसेल तर बाकीचे सारे नियोजन व्यर्थ जाते.

येथे एक तपशील सांगून ठेवतो, कारण लहान रुग्णालये आणि दवाखाने यांना तो हमखास नडतो. अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत 'एक्सप्रेस' आवृत्तीवर बसवून दिली जातात. २००५ च्या एक्सप्रेस आवृत्तीत एका डेटाबेसची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट होती. २०१० मध्ये आलेल्या २००८ आर-टू आवृत्तीत ती १० झाली. ही मर्यादा गाठली की डिस्कवर कितीही जागा मोकळी असली तरी नवीन नोंद होत नाही. म्हणजे जागा दोन ठिकाणी तपासावी लागते, डिस्कवर आणि परवान्यातही.

मग अपग्रेड करावेच कशाला, असेही विचारले गेले. आहे ते चालू द्यावे, हा मोह आम्हालाही होतो. परंतु चालण्याचे दिवस ठरलेले असतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू या प्रणालीला मिळणारा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ रोजी. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवून मिळत नाहीत, किंवा त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. नवी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेत कित्येक दिवस केसपेपरपासून तपासणी अहवालांपर्यंत सारे काम हाताने करावे लागले. शिवाय नियम बदलतात. १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोल्यांवर वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा देयकाचा नमुनाच बदलावा लागला. असा प्रत्येक बदल डेटाबेसमध्ये चार-दोन रकाने वाढवून जातो.

आता खऱ्या वजनदार विषयाकडे वळू. देयके आणि औषधे यांच्या नोंदी कितीही वाढल्या तरी त्या शब्द आणि आकडे आहेत. रुग्णालयाची डिस्क भरते ती चित्रांनी. सीटी स्कॅनचे एक चित्र, म्हणजे शरीराचा एक काप, साधारणतः ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात. गुणाकार केला तर ५,२४,२८८ बाइट, म्हणजे अर्धा मेगाबाइट. ऐकताना हे अगदी किरकोळ वाटते. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक आठवावा. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. हिशेब केला तर ती सारी स्मृती १०,२४० बाइटची भरते. सीटीचा एकच काप ठेवायचा तर असे ५१ टिफ्रॅकही पुरे पडले नसते! आणि एका रुग्णाच्या एका तपासणीत असे तीनशे काप सहज निघतात.

पुन्हा उदाहरणच घेऊ. दिवसाला १५ सीटी तपासण्या, प्रत्येकी ३०० चित्रे, तर दिवसाला सव्वादोन गिगाबाइट. डिजिटल एक्स-रेचे एक चित्र १० मेगाबाइटच्या आसपास असते. दिवसाला ६० काढले तर ६०० मेगाबाइट. सोनोग्राफीची ३० तपासण्यांची चित्रे सुमारे ४०० मेगाबाइट. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर एकूण ९७५ गिगाबाइट, म्हणजे जवळजवळ एक टेराबाइट. चित्रातील एकही बिंदू न गमावता आकार साधारण निम्मा करणारी पद्धत उपलब्ध आहे, ती वापरली तर वर्षाला अर्धा टेराबाइट. पाच वर्षांचे अडीच. मात्र रुग्णसंख्या आहे तेवढीच राहील असे समजणे मुलुंड-भांडुप-कांजूरमार्ग पट्ट्यात गेली वीस वर्षे उभ्या राहिलेल्या इमारती पाहता धाडसाचे होईल. दरसाल पंधरा टक्के वाढ धरली तर पाच वर्षांचा आकडा ३.४ टेराबाइटच्या घरात जातो. यंत्र बदलले, काप अधिक पातळ घेऊ लागले, तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. म्हणून नवे सीटी यंत्र घेण्याचा विचार जेव्हा मंडळासमोर येईल, तेव्हा त्याच प्रस्तावात डिस्कची रक्कमही असावी, असा आमचा आग्रह आहे. यंत्र देणगीतून येते आणि त्याची चित्रे ठेवण्याची सोय मागाहून उधारीवर शोधली जाते, हे बरे नव्हे.

या हिशेबात एक आनंदाची गोष्टही सापडली. रुग्णांची नावे देवनागरीत ठेवावीत ही मागणी आमच्या नोंदणी कक्षाकडून फार वर्षे होत होती. रोमन लिपीत 'सावित्री' हे एकच नाव तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि एकाच बाईंची तीन-चार कार्डे तयार होतात. देवनागरीला जागा जास्त लागते, असे कारण दरवेळी पुढे केले जाई. ते अंशतः खरे आहे. जुन्या 'इस्की' संकेतपद्धतीत एका चिन्हाला एक बाइट पुरे. युनिकोडच्या आजच्या प्रचलित पद्धतींत दोन किंवा तीन लागतात. 'सावित्री' या नावात काना, वेलांटी, हलन्त धरून आठ चिन्हे आहेत, म्हणजे आठऐवजी सोळा किंवा चोवीस बाइट. पण पाच लाख रुग्णांची नावे-पत्ते प्रत्येकी शंभर चिन्हांचे धरले, आणि प्रत्येक चिन्हास तीन बाइट दिले, तरी सारे मिळून १५० मेगाबाइट होतात. ३०० कापांची एक सीटी तपासणीही तेवढीच भरते. पाच लाख माणसांची नावे त्यांच्या स्वतःच्या लिपीत लिहिण्याचा खर्च एका तपासणीएवढा! जागेची सबब आम्ही आता मागे घेतली असून नव्या आवृत्तीत देवनागरी नावाचा रकाना राहणार आहे.

किती वर्षे जपावयाचे, हा प्रश्न जागेशी थेट निगडित आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावे लागतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. न्यायालयीन प्रकरणांचे कागद प्रकरण निकाली निघेपर्यंत सांभाळावे लागतात. तीन वर्षांनंतर पुसले तर कायद्याने चालेल. वैद्यकीयदृष्ट्या मात्र क्षयरोगातून बरे झालेल्या माणसाच्या छातीचा आठ वर्षांपूर्वीचा एक्स-रे आजच्या एक्स-रेशेजारी ठेवून पाहता आला, तर डॉक्टरांचा आणि रुग्णाचा, दोघांचाही त्रास वाचतो. डाग जुना की नवा, एवढाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर अनेकदा नव्या तपासणीत नसून जुन्या चित्रात असते.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आमच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ एए खाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा हिशेब देयकांच्या त्याच डेटाबेसमधून निघतो. कोणत्या रुग्णास किती सवलत दिली, त्याचा उत्पन्नाचा दाखला कोणता, निधीत किती जमा आणि किती खर्च, हे सारे तेथे असते. देणगीदारांनी दिलेला रुपया कोणाच्या उपचारास लागला, याचा पुरावाही तोच. तो हरवला तर सचोटी दाखवण्यास आमच्या हाती काही उरत नाही.

डिस्क विकत घेतानाचे अंकगणित थोडे फसवे आहे. वेष्टनावरील एक टेराबाइट संगणकाच्या पडद्यावर ९३१ गिगाबाइट दिसते. यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावे म्हणून डिस्क एकत्र जोडून ठेवतात. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर बेरीज सोळा होते. पण एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवले तर वापरास आठ मिळतात, आणि एका डिस्कएवढी जागा दुरुस्तीच्या माहितीसाठी राखली तर बारा. आम्ही डेटाबेससाठी प्रतिबिंबाची पद्धत निवडली आहे. ती महाग आहे, पण डिस्क बदलताना तिच्यात धोका कमी. आणि डिस्क काठोकाठ भरावयाची नाही. पाचवा हिस्सा सतत मोकळा असावा, तो कमी होऊ लागला की सूचना यावी, आणि ती सूचना रजेवर गेलेल्या माणसाच्या ईमेलवर न जाता रात्रपाळीच्या प्रमुखाच्या फोनवर जावी. (पहिली दोन वर्षे ती रजेवर गेलेल्या माणसाकडेच जात होती, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

प्रतिबिंब म्हणजे बॅकअप, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. एका डिस्कवर फाइल पुसली की प्रतिबिंबातूनही ती तत्क्षणी पुसली जाते; आमच्या त्या 'जुने' संचयाचे हेच झाले. बॅकअप वेगळा हवा, वेगळ्या साधनावर हवा आणि त्याची एक प्रत वेगळ्या इमारतीत हवी. उपनगरांतील संस्थांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यात तो ७५ मिलिमीटरही नव्हता. कुर्ला, कलिना, अंधेरी भागांत तळमजल्यावर ठेवलेले जे काही होते ते पाण्याखाली गेले. त्यानंतर ज्यांनी संगणक कक्ष वरच्या मजल्यावर हलवले, त्यांत आम्हीही आहोत. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा वरचा मजलाही पुरेसा नाही हे कळले. जनित्र सुरू होईपर्यंतची मिनिटे बॅटरीने काढावी लागतात, आणि त्या बॅटरीवर सर्व्हरबरोबर डिस्कचा संचही जोडलेला असावा लागतो. हे लिहिण्याइतके सोपे वाटते. तपासून पाहिले असता दोन वायरी चुकीच्या फळीत खोचलेल्या आढळल्या.

सारे काही बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे 'क्लाउड'वर न्यावे, अशी सूचना काही तरुण हितचिंतकांनी केली आहे. बॅकअपची तिसरी प्रत आम्ही तेथे ठेवणार आहोत, अर्थात कुलूपबंद संकेतात. मूळ चित्रे मात्र तूर्त येथेच राहतील, कारण अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना ती इंटरनेट बंद असतानाही दिसली पाहिजेत. शिवाय भाडे दरमहा द्यावे लागते, आणि देणगी बहुधा एकरकमी येते.

देणगीचा विषय निघालाच आहे तर एक मोकळेपणाने लिहितो. डायलिसिस यंत्रावर दात्याच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येते, खाटेवर लावता येते, वॉर्डच्या दारावर तर लावतोच. डिस्कवर पाटी लावता येत नाही. ती बंद खोलीत असते आणि पाच-सहा वर्षांत बदलावी लागते. म्हणून या कामासाठी स्वतंत्र आवाहन न करता दरवर्षीच्या अंदाजपत्रकात एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी, असा प्रस्ताव आम्ही मंडळासमोर ठेवला असून तो तत्त्वतः मान्य झाला आहे. ज्या देणगीदारांनी 'जेथे गरज असेल तेथे वापरा' असे लिहून रक्कम दिली, त्यांच्यामुळेच हे शक्य होत आहे.

नव्या आवृत्तीवर जाण्यापूर्वी चाचणीच्या प्रतीवर दोनदा पूर्ण तालीम होईल, आणि बॅकअप नुसता घेतला जाणार नाही, तो दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातील पंचवीस रुग्णांची देयके छापील देयकांशी ताडून पाहिली जातील. आकडे जुळेपर्यंत तारीख ठरणार नाही. तारीख सणाच्या किंवा महिनाअखेरच्या आठवड्यात नसेल. प्रत्यक्ष बदलाच्या रात्री रोख खिडकीवर पावतीपुस्तके तयार असतील, आणि सवलत मंजूर झालेल्या सर्व आंतररुग्णांची छापील यादी, समाजसेवा अधिकाऱ्यांच्या सहीनिशी, खिडकीच्या आतल्या बाजूस टांगलेली असेल. संगणक बंद असेल तर ती यादी प्रमाण मानावी, असा लेखी आदेश काढण्यात आला आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती. आपल्या घरी आमच्याकडील जुन्या एक्स-रे फिल्म किंवा तपासणीच्या सीडी असतील तर त्या टाकून देऊ नयेत. त्या दोन वर्षांपैकी काही केसपेपर अस्पष्ट स्कॅन झाले आहेत, आणि त्यांतील नोंदी पडताळण्यासाठी आपल्याकडील प्रती उपयोगी पडतील. अभिलेख विभाग सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते चार या वेळेत त्यांची प्रत करून मूळ प्रत लगेच परत देतो.